काकूंचा पबमधला नाश्ता

मागच्या रविवारी आम्ही मित्र धायरीतल्या एका पबमध्ये बुफे नाश्त्याला गेलो, तर मंदार आईला घेऊन आला. त्याचे वडील गेल्यापासून काकू घराबाहेर पडत नव्हत्या, धड जेवतही नव्हत्या. "साधं हॉटेल आहे असं सांगितलंय," मंदार माझ्या कानात म्हणाला.

काकूंची इडली संपत आली होती, तेवढ्यात त्यांच्या बहिणीचा फोन आला.

"पबमध्ये आहे," काकू शांतपणे म्हणाल्या. आम्ही सगळे आपापल्या ताटलीत बघायला लागलो. "अगं, बाहेर पाटी आहे. मुलांना वाटतं मला वाचता येत नाही. ठेवते, डोसे गरम आहेत."

काकू ताटली घेऊन उठल्या. मंदार म्हणाला, "आई, मी आणतो."

"बस तू. मला काय हवंय ते मी बघते."