एकसष्ट दिवस बिनकागदाचे

…तिकडून नको मॅडम, इकडून या, काच आहे. तीन दिवस झाडतोय समाधान — हा आमचा शिपाई — तरी संपत नाही, काल माझ्या बुटात निघाली. बसा. ही खुर्ची धड आहे. बाकीच्यांचे पाय मोडले, आणि ते पाय कुठे गेले ते माझ्या पाठीला विचारा! चहा सांगू? नको? बरं. मग घ्या लिहून — शाखा हरसूल, दिवस बाजाराचा, वेळ सव्वाबारा, जमाव दीड-दोनशेचा. दोन कॉम्प्युटर, प्रिंटर, पासबुकचं मशीन, ही माझी काचेची केबिन — दहा मिनिटांत चक्काचूर. आणि हे बघा, भुवईवर आठ टाके. डॉक्टर म्हणाले, अर्धा इंच खाली बसलं असतं तर डोळा गेला असता. काय बसलं? वजन. भाजीवाल्यांकडे दोन किलोचं लोखंडी असतं ना, ते. बाईने मारलं, मॅडम, बाईने! तानुबाई तिचं नाव, बारकूची बायको, दर बाजाराला समोर भाजी घेऊन बसते. सरळ आत आली आणि हाणलं. मी आडवा झालो, मग बाकीचे तुटून पडले. लाथा मोजल्या नाहीत मी. कॅशला मात्र कोणी हात लावला नाही हं. ड्रॉवर सताड उघडा होता, एक नोट हलली नाही. हे लिहा. किंवा — राहू द्या, नका लिहू. त्यातून उगाच वेगळा अर्थ निघतो.

का मारलं म्हणता? अहो, त्याचं कारण हरसूलमध्ये नाहीच, ते नाशिकला तुमच्या मुख्य कार्यालयात तिसऱ्या मजल्यावर आहे. रागावू नका. तुम्ही चौकशीला आलात, तुमच्या एका ओळीवर माझी नोकरी आहे, मला कळतं ते — चार वर्षं राहिलीत माझी, निलंबन झालं तर निफाडला घरी जाऊन तोंड कुठे लपवू? पण सव्वीस वर्षं काढलीत मी ह्या बँकेत. पिंपळगावला लागलो तेव्हा पितळी टोकन होतं, आणि खातेवह्या अशा जाड, की एक काढायची तर दोन माणसं लागायची. अंगठेबहाद्दर आला की जांभळ्या शाईचं पॅड पुढे सरकवायचं, डाव्या अंगठ्याचा ठसा, दोन साक्षीदार — त्यातला एक कायम चहावाला — आणि मॅनेजर मान वर करून बघणार, ‘काय रे, तूच ना?’ संपलं. मग कॉम्प्युटर आले. आमचे म्हातारे कॅशियर रडले हो अक्षरशः, आणि मी हसलो. मी! बदलाच्या विरोधात नाहीये मी मॅडम, हे आधी लिहा. एटीएम आलं, मी पुढे. मोबाइल आला, मी पुढे. कांद्याच्या लिलावात उभं राहून शेतकऱ्यांच्या फोनवर बँक चढवून दिलीय मी, घशाला कोरड पडेपर्यंत. माणूस चुकतो, मशीन चुकत नाही — हे वाक्य माझं आहे. वार्षिक सभेत म्हटलं होतं, टाळ्या पडल्या होत्या.

मग हे अंगठ्याचं यंत्र आलं. काडेपेटीपेक्षा थोडं मोठं, वर काच, आत लाल दिवा. अंगठा ठेवा, ओळख पटली की पैसे. फॉर्म नाही, सही नाही, साक्षीदार नाही. नाशिकला उत्तम चालतं, गंगापूर रोडवरच्या बायकांचे अंगठे पहिल्या फटक्यात उमटतात. इथे? इथली माणसं नागली लावतात, भात लावतात, दसरा झाला की द्राक्षाच्या कामाला निफाडकडे उतरतात. अंगठ्यावर रेघ म्हणून शिल्लक नाही! मग मी डोकं चालवलं. दाराबाहेर टेबल मांडलं — लिंबू, साबण, जुना टूथब्रश, व्हॅसलीनची डबी. आधी अंगठा धुवायचा, घासायचा, व्हॅसलीन चोळायचं, पुसायचं आणि मग आत यायचं. दहातले आठ उमटायला लागले. साधी गोष्ट होती, पण सुचली मला. मुख्य कार्यालयाने शाल दिली, नारळ दिला, ‘नवकल्पना’ म्हणून प्रमाणपत्र दिलं. ते प्रमाणपत्र काय, परवा पहिला दांडा त्याच्याच काचेवर बसला.

पण पुढचं ऐका. तुमच्या लोकांनी काढली स्पर्धा — कोणती शाखा सगळ्यात जास्त दिवस कागदाशिवाय चालते. एकही स्लिप नाही, एकही शाईचा ठसा नाही. भिंतीवर पाटी लावायची आणि रोज आकडा बदलायचा. मी पॅडं उचलली आणि समाधानला म्हटलं, मागच्या नाल्यात फेक. फेकली त्याने. दहा दिवस, वीस दिवस, चाळीस. अख्ख्या जिल्ह्यात आम्ही पहिले! हरसूल! ज्या शाखेत बदली झाली की लोक रजा टाकून घरी बसतात, ती पहिली. तुमच्या मोठ्या साहेबांचा स्वतः फोन यायचा, मनोजराव, आज कितवा? मी म्हणायचो, पन्नासावा, सर. मुलगी म्हणायची, बाबा, तुम्ही झोपेत आकडे बडबडता. हसू नका. म्हणजे तुम्ही हसला नाहीत, मला आपलं वाटलं. परवा एकसष्टावा होता.

बारकू आला. आता बारकू कोण? अहो, बारकू म्हणजे — त्याला मी ओळखत नव्हतो असं नाही, ओळखत होतो. बारा वर्षं ओळखतो. आमच्या सोमनाथच्या — सोमनाथ माझा धाकटा भाऊ, निफाडला द्राक्षबाग आहे आमची — त्याच्याकडे दर सीझनला टोळी घेऊन यायचा. माझे वडील गेले तेव्हा खांदा द्यायला एक माणूस कमी पडत होता, तर हा पुढे झाला. ओळखत होतो ना! हातच्या काकणाला आरसा कशाला? मुद्दा तो नाहीये. मुद्दा हा, की त्याच्या अंगठ्याची वाट लागली होती. ऑक्टोबरात छाटणी झाली की डोळे, म्हणजे कोंब, फुटायला वेलीच्या काडीला औषध लावतात, पेस्ट म्हणतो आम्ही. ते हाताला लागलं की कातडं सोलतं. हातमोजे द्यायचे असतात. सोमनाथने आणले होते, संपले, मग पुन्हा आणायचे राहिले… हे तुमच्या चौकशीत येत नाही, हे खोडा. खोडलंत? खोडा ना.

तर तो आला, दाराबाहेर अंगठा धुऊन आला, रांगेत उभा राहिला. गर्दी मरणाची. त्याची स्वतःचीच मजुरी काढायची होती, दुसऱ्या कुणाची नाही. तानुबाईला घेऊन नाशिकला दवाखान्यात जायचं होतं म्हणे, गाठ आहे तिच्या पोटात, जीप ठरवलेली. पहिला प्रयत्न — लाल. दुसरा — लाल. उजवा झाला, डावा झाला, मधलं बोट झालं. ‘ओळख पटली नाही.’ ते यंत्र बोलतं ना, बाईच्या आवाजात, दर वेळी तेच, गोड! रांग हसायला लागली. एक जण म्हणाला, बारकू, तू तू नाहीसच. तोही हसला. म्हणाला, ‘सायब, मीच हाय ना. दिसत नाय का तुमाला?’ मला दिसतंय रे बाबा, पण मला दिसून काय उपयोग? बाहेर नेलं त्याला, स्वतः नेलं. लिंबू झालं, ब्रश झाला. मळ निघेना — मळ नव्हताच तो, जळलेलं कातडं होतं, मला कळत होतं, पण हात थांबेना माझा. समाधानची भांड्यांची तारेची घासणी होती, ती घेतली. दोन-चारदा… आठ-दहादा फिरवली असेल. रक्त आलं. थोडंच. तो ‘हां सायब, हां सायब’ करत होता, ओरडला नाही. ओरडायचं ना! माणसाने ओरडलं की समोरच्याला कळतं. हे लोक गप्प बसतात, आणि मग एकदम दगड घेऊन येतात.

नाही, पुढे होतंच काय? परत आत नेलं. अकरा, बारा, तेरा. रक्ताने काच पुसट होते, पुसायची, परत लावायचा. सतरावा प्रयत्न होता. त्यात सांधा निखळला त्याचा. ठिसूळ असेल. मोडला असं डॉक्टरांनी लिहिलंय का? दोन ठिकाणी? …दोन ठिकाणी. बरं. आवाज आला होता, खोटं कशाला बोलू, कट्‌ असा आला, पण मला वाटलं यंत्र फुटलं. आईशप्पथ, माझी पहिली नजर यंत्राकडे गेली. बारकू तेव्हाही ओरडला नाही, खाली बसला फक्त, हात पोटाशी धरून. आणि ती बया यंत्रातून बोलली, ‘ओळख पटली नाही.’ मग कोणीतरी पळत बाहेर गेलं, बाजारात. त्यानंतर ते वजन.

काय? कागदावर? …हो. घेता आलं असतं. नियम आहे अजून, मला माहीत आहे, मला नका सांगू नियम. अंगठा उमटला नाही तर स्लिप भरायची, शाईचा ठसा, दोन साक्षीदार, मॅनेजरने ओळख द्यायची. पाच मिनिटांचं काम. पॅड नव्हतं म्हणता, तर शेजारी तलाठ्याकडे होतं, समाधान दोनदा म्हणाला, साहेब, आणू का? दोनदा म्हणाला. मी त्याला आईवरून शिवी दिली. आता बोला. एक स्लिप, मॅडम! एक स्लिप फाडली असती की पाटीवर शून्य. एकसष्टचं शून्य. तुम्ही नाशिकला एसीत बसून म्हणाल, त्यात काय एवढं? उद्यापासून पुन्हा एक. पण आयुष्यभर मला कोणी पहिला म्हटलं नव्हतं हो. घरात सोमनाथ पहिला, बाग त्याची, मान त्याचा. बँकेत कुणी ना कुणी पुढे. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा माझा नंबर लागला होता, आणि हा बारकू, ज्याच्या बोटावर रेघ नाही, तो माझा आकडा पुसायला आला होता! असं वाटलं मला तेव्हा. आत्ता नाही वाटत. आत्ता — आत्ताही थोडं वाटतं.

जोर? जोर किती लावला, हा काय प्रश्न झाला? लावला तेवढा लावला. जोर काय तराजूत घालून मोजतात? तुम्ही लोक ना, यंत्र काढता, परिपत्रक काढता, आणि बोटं धरायला आम्हाला ठेवता. तुम्ही धरलंय कधी असं बोट? नाही ना? मग जोर काय विचारता! थांबा, दाखवतोच. ते पेन ठेवा खाली. द्या हात. अहो द्या हो, खातो का मी? हे टेबल म्हणजे काच समजा. असा अंगठा. ह्या बाजूने माझा डावा हात, मनगटावर, म्हणजे हलता कामा नये, आणि वरून उजवा. बघा. एवढाच. हा पहिला. काय आहे ह्यात? हा दुसरा. तिसऱ्याला जरा जास्त दाबावं लागतं, कारण कडा उमटत नाहीत, कडा! — सैल सोडा ना हात, ताठ काय करता? तो पण असाच ताठ करत होता. किती वेळा सांगितलं, सैल सोड रे, लागणार नाही, सैल सोड, मागे रांग आहे, साहेबांचा फोन येणार आहे, आणि तू — हलू नको म्हटलं ना! हलतोस म्हणून येत नाही! मीच हाय, मीच हाय — तू असून काय करू मी? इथे दिसायला पाहिजे, इथे! दाब, दाब अजून, येईल, आता येईल —

मॅडम?

सोडला. सोडलाय मी, हे बघा, दोन्ही हात वर आहेत माझे. मला — मला दिसलंच नाही तुम्ही आहात ते. तुम्ही ओरडला का नाहीत? रडू नका. अंगठा हलवून बघा. हलतोय? नाही? मॅडम, काहीतरी बोला ना, शिव्या द्या, काहीही.

समाधान! अरे समाधान, आत ये, मॅडमना बाहेर ने. गाडीपर्यंत धरून ने, काच आहे. नाही, मी येत नाही. आणि जाताना दार बाहेरून लावून घे.