येळवस झाल्यावर मेलबर्न

लातूरहून नांदेडला निघालेल्या एसटीत धोंडाबाई खिडकीशी बसल्या होत्या. मागच्या सीटवर साठीतले नवराबायको मेलबर्नला लेकाकडं जायचं ठरवत होते.

“जगदेवी, मोबाईलमधी बघ. ही मेलबर्नची ट्राम. शहराच्या मधल्या भागात फुकट फिरवती.”

“हाव, बघितली.”

“गल्लीगल्लीत भिंतीवर चित्रं हायेत. रस्त्यावर लोक गाणी म्हणतेत, वाजवतेत. रोज कुठं ना कुठं जत्राच की!”

“लई छान. पण येळवस केल्याबिगर मी निघत न्हाई.”

“एक वर्ष वेळ अमावास्या न्हाई केली तर काय बिघडतंय?”

“असं कसं? रानात कडब्याची खोपटासारखी कोप करायची, पांडव पुजायचे, डाळी-पालेभाज्यांची भज्जी अन् आंबील करून येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलवून जेवू घालायचं. आपल्या कोपीवरून लोक उपाशी जावेत व्हय?”

भज्जीचं नाव ऐकून धोंडाबाईंच्या तोंडाला पाणी सुटलं. लग्न होऊन नांदेडला आल्या, तेव्हापासून येळवस माहेरीच राहिली होती.

“अन् अक्षराची सुट्टी? नातीसंगं फिरायचं न्हाई का?”

“तिची शाळा जानेवारी सरेपर्यंत बंद हाय. तिलाच विचारलं मी. येळवस करायची अन् दुसऱ्या दिवशी निघायचं. श्रीशैलपण हाव म्हणलाय.”

“म्हणजे मायलेकांचं सगळं ठरलंय! मग लातूरपासून माझं कशाला ऐकून घेतलंस?”

“चाळीस वर्षांत पहिल्यांदा मला कुठं न्यायचं म्हणून एवढं बोलायलात तुम्ही. म्हणलं, बोलू द्यावं.”