पक्षाविरुद्धचं माझं एक मत

मी मूळची साताऱ्याची, वकिली पुण्यात शिकले, आणि लग्न होऊन बर्मिंगहॅमला आले तर इथं माझी सनद चालेना, मग काय सांगू तुम्हाला, एका सॉलिसिटरच्या ऑफिसात टायपिंग करत करत परत सगळ्या परीक्षा दिल्या, आठ वर्षं लागली, पण झाले सॉलिसिटर. केसेस सगळ्या भाडेकरूंच्या. तीच माणसं म्हणायला लागली, कौन्सिलला, म्हणजे इथल्या महापालिकेला, तुम्हीच उभ्या राहा ना.

एका पक्षानं तिकीट दिलं, राहिले. दारोदार पत्रकं टाकायची, तर लेटरबॉक्स म्हणजे दारातलीच फट, तिच्या आतून कुत्री बोटं चावतात, म्हणून ह्यांनी मला घरातलं उलथनं दिलं, त्यानं पत्रक आत ढकलायचं. आले निवडून. उलथन्यानं काउन्सिलर केलं, असं हे सगळ्यांना सांगायचे.

मग दोन हजार सालानंतर आमच्याच पक्षानं म्हाताऱ्या माणसांचं डे सेंटर, म्हणजे दिवसा येऊन चार माणसांत बसायची जागा, बंद करायचा ठराव आणला. तिथं डोरिस नावाची बाई यायची, नव्वदीची, एकटी. मला म्हणाली होती, मंगळवारी इथं बोलते, मग पुढच्या मंगळवारपर्यंत घरात आवाज फक्त टीव्हीचा. मतदानाआधी आमच्या नेत्यानं मला बाजूला घेतलं, आवाज चढवला नाही हो, शांतपणे म्हणाला, मत तुमचं नसतं, पक्षाचं असतं. मी म्हटलं, मग पत्रकावर नाव माझं कशाला छापलंत?

विरुद्ध हात वर केला. ठराव पास झालाच, आणि मला पक्षातनं काढलं. काउन्सिलर राहून कौन्सिलवर केस कशी घेणार, म्हणून राजीनामा दिला आणि डोरिसची वकील झाले. सेंटरला येणाऱ्यांना एका शब्दानं न विचारता बंद करायचं ठरवलं, एवढाच आमचा मुद्दा. जजनं तो मानला, निर्णय रद्द करून कौन्सिलकडे परत पाठवला, आधी लोकांना विचारा म्हणून.

सेंटर आणखी दोन वर्षं चाललं. मग कौन्सिलनं सगळ्यांना रीतसर विचारलं, आणि बंद केलं. डोरिस त्याआधीच गेली होती, मंगळवार एकही न चुकवता.

पुन्हा निवडणुकीला काही उभी राहिले नाही. आता हे नाहीत, मी रिटायर झाले, शनिवारी लायब्ररीत बसते, लोक कौन्सिलची पत्रं घेऊन येतात, ती वाचून समजावून सांगते. गुडघे दुखतात, पण बस दारावरनं जाते. बरं चाललंय माझं, तुमचंही बरं चालो.