पाहण्यासारखी सर्व स्थळे

हॅलो?… हॅलो, कोण बोलत आहे?… अगं चिमणे, तू होय! थांब हं, हे चाव्या कापायचे यंत्र बंद करतो. त्याच्या किरकिरीत लेकीचा शब्द बापाच्या कानापर्यंत पोचत नाही… हं. आता बोल. सर्व कुशल?… आम्हीही कुशल. तुझी आई दुकानाच्या मागच्या खोलीत बॅग भरण्याच्या कार्यात निमग्न आहे… अगं हो, गाडी शुक्रवारची आहे, हे मलाही विदित आहे. पण ती ऐकते का? भरते, उपसते, पुन्हा भरते.

काय?… साधे बोलू? साधेच तर बोलतो आहे… नाही, त्याचे कारण सांगतो. ही सवय मी हेतुपुरस्सर लावून घेतली आहे. जावईबापूंच्या घरी चार सुशिक्षित माणसे येतात-जातात. तिथे कुलूपवाल्याची जीभ घसरू नये, इतकाच उद्देश… अगं, विनोद केला मी.

बरे, तीन दिवसांचा बेत आखलास का?… वा! सविस्तर सांग… शनिवारी प्रातःकाळी राजवाडा… हो… तदनंतर तटबंदीवरून फेरी… अगं पण तुझ्या आईचे गुडघे… चाकांची खुर्ची मिळते? उत्तम, उत्तम… दुपारी वस्तुसंग्रहालय, संध्याकाळी तलावात नौकाविहार… म्हणजे पाठ टेकायला रात्रच उजाडणार म्हण की!… रविवारी जुना दरवाजा. तो मात्र मला डोळे भरून पाहायचा आहे. त्याला हातभर लांबीची चावी लागत असे, असे ऐकून आहे… नाही, नाही, दिवसभर तिथेच उभा राहणार नाही… मग घड्याळाचा मनोरा. आणि सोमवारी बाजारातून थेट गाडीवर.

अति सुंदर. प्रत्यक्ष राजानेही आपले राज्य इतके बारकाईने पाहिले नसेल.

थांब, आई काही विचारते आहे… काय गं?… टोपी? हो, घे की… घे म्हटलं ना!… हं, चिमणे, आमच्या बाळराजांसाठी तिने लोकरीची टोपी विणली आहे. माप अंदाजाने धरले आहे. नातवाचे डोके वर्षभर पाहिले कुठे आहे? म्हणते, सैल झाली तर शनिवारी रात्री तिथेच निवांत बसून उसवीन आणि पुन्हा विणीन.

त्यावरून आठवले. या बेतात तुझे घर कधी आहे?

…हॅलो? ऐकू येते आहे ना?… मी म्हणालो, घर. तुझे घर. राजवाडा आला, दरवाजा आला, मनोरा आला. मुक्कामाचा उल्लेख राहून गेला.

…लॉज?

…बरे, हॉटेल. हॉटेल म्हणू. खिडकीतून मनोरा दिसतो… हो, ऐकतो आहे. गरम पाणी चोवीस तास… जावईबापूंनी स्वतः ठरवले. त्यांचे मनःपूर्वक आभार कळव… नाही गं, रागावलो नाही. केवळ जिज्ञासा म्हणून विचारतो. प्रयोजन काय?… रंगकाम. कोणत्या खोलीत?… सगळ्याच? मग तुम्ही तिघे कुठे झोपता आहात?… अच्छा, रंग पुढच्या महिन्यात द्यायचा आहे. मग आत्ता काय?… पाहुणे. त्यांच्या कार्यालयातले साहेब. तिन्ही दिवस?… एका संध्याकाळी, जेवायला.

चिमणे… अगं ऐक ना… ऐक. एका कुलपाला दोन चाव्या चालतात. पण एका प्रश्नाला दोन उत्तरे आली, की समजावे, दोन्ही बनावट आहेत.

काय गं?… तुला नाही, चिमणीशी बोलतोय… हो, हो, त्यांनी रंग दिलाय घराला. झाला म्हणे… पिवळा. फिकट पिवळा… छान दिसतोय म्हणते. भर तू, भर.

…ऐकलंस? तुझं घर मी न पाहता रंगवून दिलं. आता ती आत गेली आहे आणि मी आवाज खाली केला आहे. तेव्हा जड भाषाही बाजूला ठेवतो. खरं सांग.

…हं.

…हं.

गेल्या वर्षी आलो तेव्हाचं, शेजारच्या बाईंचं दार. तेच ना? मला वाटलंच.

अगं, ती बिचारी जिन्यात उभी होती! वाऱ्याने दार ओढलं गेलेलं, चावी आत, गॅसवर दूध. रडकुंडीला आली होती. आणि मला हाक कुणी मारली? 'बाबा, बघा ना जरा.' तूच ना?… मग! मी खिशातली तार काढली… हो, असते. न्हाव्याच्या खिशात कंगवा असतो, माझ्या खिशात तार असते. तिचं दूध उतू जायच्या आत दार उघडून दिलं. मागे वळतो तो काय, सगळ्या मजल्यावरची माणसं जिन्यात. मला वाटलं, कौतुकाने बघताहेत. म्हणून मूर्खासारखा दोन शब्द बोललोही. 'कुलूप हे केवळ सज्जनांसाठी असते. इतरांना ते अडवीत नाही.' आदल्या रात्रीच जुळवून ठेवलं होतं वाक्य. जावईबापूंच्या मित्रांसमोर म्हणायचं होतं.

…हो. कुणी हसलं नाही, हे माझ्याही लक्षात आलं होतं.

…नंतर काय म्हणाले?… 'हिचे वडील नक्की करतात तरी काय?'… आणि तू?… सुरक्षा-उपकरणांचा व्यवसाय.

वा. मलाही इतकं चांगलं सुचलं नसतं.

…बरं, मग?… मग मजल्यावर सगळ्यांनी कुलपं बदलली. बदलू देत. धंदा आहे, कुणाचं तरी पोट भरलं… चिमणे, सगळ्यांनी म्हणजे? तुम्हीसुद्धा?

…आकडे दाबायचं. चावीच लागत नाही.

बरं.

ते कुलूप मी स्वतः बसवलं होतं गं. तुम्ही घर घेतलंत, सगळं सामान त्यांच्याकडून आलं, माझ्याकडून एवढंच. अस्सल पितळी, आत जिभा मी हाताने घासलेल्या. तेव्हा दुसरी चावी तूच माझ्या मुठीत ठेवलीस. 'बाबा, तुम्ही बेल वाजवायची नाही.' अजून जुडग्यात आहे. आत्ता बोटांतच फिरवतो आहे. शनिवारी बेल न वाजवता शिरायचं आणि बाळराजांना दचकवायचं, असा माझाही एक बेत होता. तुझ्याइतका मोठा नाही.

…काढलेलं कुलूप कुठे ठेवलंय?… भंगारात.

…रडू नकोस. अगं, तुझा काही दोष… नाही, आहे. दोष तुझाही आहे. आजच्या दिवसाचं खोटं मी त्या पिवळ्या रंगात खर्च करून बसलो आहे.

जावईबापूंचं मी समजू शकतो. उद्या इमारतीत कुणाकडे चोरी झाली, तर पहिलं बोट कुठे जाईल? त्यांना तिथे राहायचं आहे, अब्रू सांभाळायची आहे. पण त्या जिन्यात तू होतीस ना? 'हे माझे बाबा, कुलूपवाले.' चारच शब्द. मला लांबलचक वाक्यं लागतात गं, मी अर्धवट शिकलेला. तुला तर एवढं शिकवलं होतं.

…आणि बाळराजे? ते कधी भेटणार होते?… नौकाविहाराच्या वेळी. बापाला सांगून?… पोहण्याच्या शिकवणीतून परस्पर आणणार होतीस.

म्हणजे आजोबांना भेटायचं तेही चोरून. आणि चोर म्हणे मी!

…नको. नको, ते हॉटेल रद्द कर… अगं ऐक. शहर सुंदर आहे, तुझा बेतही सुंदर आहे, त्यात खोट नाही. त्या शहरातलं प्रत्येक दार तू आम्हाला तिकीट काढून दाखवणार होतीस, एक सोडून. आम्ही येत नाही.

…आईला काय सांगणार? खरं सांगितलं तर ती जन्मभर ती टोपी विणत आणि उसवत बसेल. थांब. फोन ठेवायचा नाही. मी सांगतो तोवर कानाला धरून ठेव.

अगं ए! इकडे ये जरा… राहू दे ती बॅग… शुक्रवारचं जमत नाही. माझ्यामुळे. नव्या शाळेच्या इमारतीचं काम आलंय, सगळी कुलपं सुट्टीतच बसवून हवीत… आत्ताच निरोप आला… नाही, नाही म्हणता येत नाही… हो, तेच सांगतोय चिमणीला. बिचारीने सगळी तयारी केली होती गं. आपल्यासाठी खोली लावून ठेवली होती, पडदेसुद्धा नवे… हो, मीच… हो, हव्यास. मान्य… तुझ्या हौसेवर मीच पाणी ओतलं, मान्य… जन्मभर कुलपांशी संसार केला, माणसांशी नाही… बोल, बोल…

चिमणे, आहेस ना?… नाही, मध्ये बोलू नकोस. ती काय म्हणते आहे ते नीट ऐक. ही बोलणी तुझ्या वाट्याची आहेत. मी घेतो आहे. तू निदान ऐक.

…हो गं बाई, दगड आहे मी, दगड. डोळे पूस आता… टोपी? पोस्टाने पाठवू की… माप विचारू? बरं, विचारतो… चिमणे, आई म्हणते, बाळराजांच्या डोक्याला कपाळावरून दोरा धर, आणि तो दोराच पाकिटात घालून पाठव, म्हणजे ती बरोबर… हॅलो?

हॅलो?… चिमणे?

…नाही गं. ती कशाला ठेवेल? लाइनच गेली.