कच्चं सूत

सुवर्णा : एवढं काय घाबरायचं त्यात, सादिकभाय? मी तं नुसतं सूत न्यायला आलेय. दोन कोन द्या, म्हंजे संध्याकाळी आमचे हे जाळं परत बांधायला घेतील.

सादिक : सूत नंतर, वहिनी. आधी नीट सांगा, लडकू फोनवर काय म्हणाला?

सुवर्णा : म्हनाले, गादा जाळ्यात शिरलाय, तुमी डॉल्फिन म्हंता तो. दरसालचंच हाय ते. बोय मासा खायला आला नि अडकला. जाळ्याचे बांध तुटले की येतो, तवर तू नारपोलीला जाऊन सादिकभायकडनं सूत आन.

सादिक : फोन कधी आला?

सुवर्णा : रिक्षात बसायच्या आधी. पाऊन तास झाला असंल.

सादिक : पाऊण तास! आणि बांध तुटले का?

सुवर्णा : तुटले असतील की. तुटल्यावर फोन करतो म्हनाले होते... न्हाय आला अजून.

सादिक : एकटाच गेलाय?

सुवर्णा : एकटेच. रेल्वे पुलाच्या पल्याड, पार खाडीच्या तोंडाशी. हिकडं आत मासा हाय कुठं? बाहेर मोठ्या बोटी सगळा झाडून नेतात. मंग गादा उपाशी, आमी पन उपाशी. दोघांची नजर एकाच जाळ्यावर. यंदा दोन जाळी फाडली त्यानं. म्हनून तं सोमवारी नवं बांधलं. सादिकभाय, तुमचा चेहरा असा का झालाय?

सादिक : सोमवारी दिलेल्या सुतातलं काही उरलंय?

सुवर्णा : हाय ना, पिशवीत. हाच कोन दाखव, असंच मिळतं का बघ, म्हनाले. घ्या.

सादिक : काडेपेटी कुठे ठेवली मी... हां.

सुवर्णा : अवो, चांगलं सूत जाळताय कशाला?

(सादिक धाग्याच्या टोकाला काडी लावतो.)

सुवर्णा : हे काय! राख न्हाय पडली. काळा मणी झाला.

सादिक : या अल्लाह.

सुवर्णा : काय झालं? बोला की.

सादिक : कापूस जळला की राख होते, वहिनी. हे वितळलं. हे पॉलिस्टर आहे.

सुवर्णा : म्हंजे?

सादिक : म्हणजे मी चुकीचा कोन दिला. लूमवर आता सगळं पॉलिस्टरच चालतं. कापसाचे चार कोन फक्त तुमच्यासाठी त्या कोपऱ्यात ठेवतो. दिसायला दोन्ही पांढरे, हाताला सारखेच. अब्बा तुमच्या सासऱ्यांना, दामूकाकांना, प्रत्येक कोन काडी लावून द्यायचे. एकही तसाच नाही दिला कधी. सोमवारी पूर्ण्याच्या गोदामात माल पोचवायचा होता, ड्रायव्हर बाहेर हॉर्न मारत होता, आणि मी... काडी नाही लावली.

सुवर्णा : पन मंग बांध?

सादिक : तुटणार नाहीत.

सुवर्णा : असं कसं तुटनार न्हाय? तुटायलाच पायजेत! जाळं वरच्या दोराला कच्च्या सुतानं बांधायचं ते त्याच्यासाठीच ना? मोठं जनावर धडकलं की बांध पटापट तुटतात, जाळं सैल पडतं, जनावर निसटतं. होडीला काय होत न्हाय.

सादिक : आता काही सुटणार नाही, वहिनी. गादा जाळ्यात, जाळं दोराला, दोर होडीला.

सुवर्णा : आनि हे बसून हायत... सादिकभाय, हे बसून हायत! सासऱ्यांनी तेच शिकवलंय. होडीच्या मधोमध गप बसायचं, उभं राहायचं न्हाय, दोराला हात लावायचा न्हाय. बांध आपोआप तुटतात. हे वाट बघत बसले असतील!

सादिक : फोन लावा. पटकन. थांबा, आधी लूम बंद करतो.

सुवर्णा : वाजतोय... उचलत न्हाय.

सादिक : परत लावा.

सुवर्णा : हा घ्या फोन. तुमी लावा. शेवटचा नंबर त्यांचाच हाय.

सादिक : वाजतोय. स्पीकरवर टाकलाय. उचल, लडकू. उचल रे भावा.

लडकू : हां सुवर्णा, बोल. सूत मिळालं?

सुवर्णा : अहो! कसे हायत तुमी?

लडकू : बसलोय. लय ताकदीचा हाय गं हा. मगाशी पुलाच्या जवळ होतो, आता पार बाहेर ओढलंय. होडीची पुढची नाळ खाली दबतेय, तिथनं पानी येतंय जरा. तुटतील आता बांध.

सादिक : लडकू, मी सादिक. नीट ऐक. बांध तुटणार नाहीत.

लडकू : सादिकभाय, ही मस्करीची येळ न्हाय.

सादिक : मस्करी नाही, आईशप्पथ. मी तुला पॉलिस्टर दिलं. माझी चूक झाली. आत्ता काडी लावून बघितलं. वाट बघू नकोस, दोर काप.

लडकू : तरीच. मी म्हनतोय, एक पन बांध कसा जात न्हाय.

सादिक : मला शिव्या नंतर घाल. कोयता कुठाय?

लडकू : पुढं. नाळीत. दोर बांधलाय तिथंच.

सुवर्णा : पुढं नका जाऊ! तुमी पुढं गेलात तं वजनानं होडी आनखी दबंल!

सादिक : वहिनी, गेल्याशिवाय कापणार कसा?

सुवर्णा : मंग पोटावर जा. ऐकलंत? उभं राहायचं न्हाय. सरपटत जा. दोराच्या येटोळ्यात पाय नका घालू.

लडकू : सुवर्णा, फोन खाली ठेवतोय. बंद करू नको.

सुवर्णा : न्हाय करत. मी हितंच हाय.

सादिक : कसला आवाज येतोय हा?

सुवर्णा : पानी. पान्याचाच आवाज. आपटतंय काय तरी.

सादिक : बसा वहिनी, पडाल.

सुवर्णा : न्हाय बसायचं मना. मना लय भीती वाटतेय, सादिकभाय. मी रिक्षात गानी ऐकत आले. पाऊन तास हे तिकडं... आनि मी गानी ऐकत आले.

सादिक : तुम्हाला काय माहीत? माहीत मला असायला हवं होतं.

सुवर्णा : अहो? अहो! आवाज येत न्हाय आता कसलाच.

सादिक : लडकू!

सुवर्णा : अहो, बोला की! कायतरी बोला!

सादिक : थांबा, थांबा... धाप ऐकू येतेय. ऐका.

लडकू : कापला.

सुवर्णा : देवा रे... लागलं का कुठं?

लडकू : हाताला जरा. होडी सरळ झाली. निम्मी पान्यानं भरलीय, उपसतोय.

सादिक : अल्हम्दुलिल्लाह. लडकू, जाळं मी नवं देतो. स्वतः बांधून देतो, प्रत्येक धागा जाळून बघतो.

लडकू : जाळ्याचं सोडा, सादिकभाय.

सुवर्णा : गादा गेला का?

लडकू : जाळ्यासकट खाली गेली. मादी होती. मगाशी श्वास घ्यायला वर यायची, तवा बघितली. आता वर येत न्हाय.

सुवर्णा : तुमी आधी घरी या. होडीचं मशीन चालू करा नि या.

लडकू : कसं करू? तिचं पिल्लू होडीला चिकटलंय, सुवर्णा. मशीनच्या पात्याजवळच. हटतच न्हाय.