सुरमेवाल्याच्या घरी चांदीचे दोन थेंब

...आणि वर मलाच विचारतात, "हबीबभाई, बोटं एवढी काळी कशानं?" अहो, सुरमेवाल्याची बोटं काळी नसणार तर काय गुलाबी असणार? पण तुम्ही आपली माणसं, म्हणून सांगतो, हा डाग सुरम्याचा नाही. डोळे पोरीचे, आणि फजिती माझी!

नंदुरबारच्या बाजारात तीन पिढ्या आमचा सुरमा. गेल्या आठवड्यात मला पहिली मुलगी झाली. पोर पायाळू, तुळशीबाई दाईनं हात टेकले, म्हणून दवाखान्यातली नर्स बोलावली... शांतीबाई, नवापूरकडची ख्रिस्ती, आवाज असा की उधळलेला बैल उभा राहावा. पोर सुखरूप, बायको सुखरूप, मी गूळ वाटायला निघतोय, तर ही बाटली घेऊन दारात.

"हे चांदीचं औषध. जन्मताना डोळ्यांत घाण गेली तर डोळे पिकतात, कधी जातातही. दोन थेंब घालते. पण तुम्ही वडील. हो म्हणालात तरच. आणि आत्ताच सांगा."

झाली का पंचाईत! एरवी मला घरात कोण काही विचारतं? भाजी कसली, तेसुद्धा नाही! तिकडून अम्मा बजावतेय की या घरातल्या लेकराच्या डोळ्याला पहिला लागेल तो आपला सुरमा, तोही छठीला, सहाव्या दिवशी, तोही फुफीच्या हातानं. फुफी म्हणजे पोरीची आत्या, माझी बहीण रशिदा, ती बिचारी सात महिन्यांचं पोट घेऊन तेवढ्यासाठी धानोऱ्याहून निघालेली. आणि गावाला कळलं, सुरमेवाल्यानं स्वतःच्या पोरीला दवाखान्याचं औषध घातलं, की माझ्या डब्या काय मी लोणच्याला वापरू?

नाहीच म्हणणार होतो. खोटं कशाला बोलू? पण तोरणमाळचा सुकराम आठवला. सात वर्षांपूर्वी पंधरा दिवसांचं पोर घेऊन आला होता, पापण्या पुवानं चिकटलेल्या. मी डबी दिली. दिली हो, मोठ्या ऐटीत! ते पोर आता बापाचं धोतर धरून बाजाराला येतं. मला सलाम करतं... आवाजावरून.

म्हटलं, "घाला बाई. पण गुपचूप."

अम्मा पाणी तापवायला गेली तेवढ्यात थेंब पडले. डोकं मी धरलं, ओघळ मीच पुसला. पाण्यासारखं औषध, कोणाला कळणार? आणि तुम्हाला सांगतो, दुसऱ्या दिवशी उन्हात बसलो तर बोटं काळी! कोळशासारखी! चांदीचं औषध ऊन लागलं की काळं पडतं, हे मला कुठं ठाऊक! राखेनं घासली, चिंचेनं घासली, जातील तर शपथ! तेवढ्यात रशिदा उतरली. बोटं बघितली, पोरीच्या कानशिलावरचा काळा ठिपका बघितला.

"भाऊ, तो मन्हा हक व्हता ना?"

आता काय सांगणार? खरं सांगावं तर दुकान बसतं, खोटं सांगावं तर बहीण रुसते. म्हटलं, चुकलो, राहवलं नाही, मीच सुरमा लावला, आता दुसऱ्यांदा लावायचा नाही. दोन दिवस ती जेवली नाही. शेवटी माझी दुभती शेळी तिला देऊन टाकली. डोळे पोरीचे, आणि फजिती माझी!

पण पोरगी, काय सांगू, दारातल्या उजेडाकडे टकामका बघते. तिच्या त्या निर्मळ डोळ्यांवरून दहा शेळ्या ओवाळून टाकाव्यात. रशिदानंही बघितलं आणि एकदम पाघळली. "मन्हा पोरले बी तूच लाव, भाऊ. तुन्हा हात चांगला शे."

हो म्हणून बसलो! धावत शांतीबाईकडे गेलो, म्हटलं, दोन महिन्यांनी धानोऱ्याला याल का, पण गुपचूप. तर बाई म्हणते, "येईन की. पण त्या बाळाच्या वडिलांना विचारलंत?"

वडील म्हणजे माझे मेहुणे, इद्रिसभाई. तोंडात तीळ भिजत नाही. आणि धानोऱ्याच्या बाजारात बसून विकतात काय? माझाच सुरमा!

निघतोय उद्या त्यांना विचारायला. डोळे भाच्याचे... आणि पुढचं तुम्हाला पाठच झालंय.