बगळ्याच्या डोळ्यातला ठिपका

...आणि वर म्हणतात, उपकरणाचा काही दोष नाही! अहो, प्लास्टिकच्या दोन काड्या आणि त्यांच्यापुढे गोल गोल रेघांचं, भिंगासारखं एक पारदर्शक पान, याला म्हणायचं फ्लॅश एक्स्टेंडर! फ्लॅशच्या तोंडापुढे बांधलं की उजेड पसरत नाही म्हणे, झोत होऊन टेलिफोटो लेन्सच्या टप्प्यापर्यंत लांब जातो... शी! नाव काढलं तरी तोंड कडू होतं. आणि मला हवं काय होतं? बगळ्याच्या डोळ्यात उजेडाचा एक ठिपका. बस्स!

तुम्हाला सांगतो, हौस नव्हती ही. गावाबाहेरची पाणथळ बुजवून वाहनतळ करायचं घाटतंय, मी पालिकेच्या कचेरीत ओरडून सांगतोय की तिथे जांभळा बगळा घरटं करतो, आणि साहेब माझा फोटो नाकाशी धरून म्हणतात, "हे काळं काय? मला तर मिटलेली छत्री वाटते. डोळा कुठाय याचा?" छत्री! लव्हाळ्याच्या सावलीत उभा असलेला जिवंत जीव, आणि छत्री! सोमवारच्या सुनावणीत डोळा दाखवा, नाहीतर पडला भराव!

म्हणून फोटो-क्लबातल्या दादांकडून हे लचांड मागून आणलं. दादा म्हणाले, "उन्हात कॅमेऱ्याचं तोंड सूर्याकडे करू नकोस हं." मी म्हटलं, "दादा, मी भौतिकशास्त्राचा पदवीधर आहे!" हे वाक्य लक्षात ठेवा.

रविवारी सकाळी चिखलात बसलो, सोबत मावशी. का? तर आईचा हुकूम, पाण्याकाठी एकटा जायचं नाही! चार तास लव्हाळ्यावर नजर रोखून बसलो, डास चावताहेत, पाय सुन्न, आणि मावशीचं चालूच, "अरे, जरा मागे..." "मावशी, शू!" "अरे पण मागे..." "मावशी, पक्षी उडेल ना!" शेवटी म्हणाली, "बरं बाबा, शहाणा तू. चहा तरी घे." घेतला. आणि चहाला जागा करायला कॅमेरा ट्रायपॉडवरच फिरवला... कुठे? सूर्याकडे! भिंगाने कागद जाळायचा खेळ शाळेतलं पोरसुद्धा जाणतं हो, आणि मी पदवीधर, चहा फुंकतोय!

"काहीतरी जळतंय रे..."

फ्लॅश! वितळून नाकातल्या शेंबडासारखा ओघळतोय! मी टोपीने झोडपतोय, टोपीच धुमसायला लागली, मी नाचतोय, आणि मावशी काय करतेय? मोबाइलवर फोटो काढतेय! "तुझ्या आईला दाखवायला नको?" असा संताप आला म्हणून सांगू... मला हवं काय होतं? एक ठिपका!

रात्री आईने फोटो बघितला आणि म्हणाली, "हा मागे उभाय तो कोण रे?" मागे. माझ्या पाठीशी, पंधरा पावलांवर, लख्ख उन्हात, जांभळा बगळा! धोका दिसला की पुतळा व्हायचं ही त्याची सवयच. चार तास उभा असणार! मान लांब, पिवळा डोळा, आणि डोळ्यात... फुकटच्या सूर्याचा ठिपका!

सोमवारी साहेबांनी फोटो नाकाशी धरला, चष्मा पुसला, पुन्हा धरला. भराव रद्द. जिंकलो म्हणा हवं तर! तो फोटो आता कचेरीच्या भिंतीवर आहे, चौकटीत, खाली टंकलेली ओळ: "जांभळा बगळा. छायाचित्र: मावशी. पुढे नाचणारा इसम अनोळखी."